पेटी पेटू नये म्हणून

घरी इलेक्ट्रिक गाडी बनवतोय म्हटलं की लोक तीन प्रश्न विचारतात. एका चार्जमध्ये किती जाते? टॉप स्पीड किती? आणि खर्च किती आला? (तिसरा प्रश्न विचारताना आवाज जरा खाली येतो, कारण समोरच्याच्या डोक्यात "एवढ्यात चांगली सेकंड हँड आली असती" हे गणित चालू असतं.) गेल्या दीड वर्षात ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मिळून हे तीन प्रश्न मी शंभरदा तरी ऐकले असतील. "बॅटरी कशात ठेवली आहेस?" हा प्रश्न मात्र एकदाही नाही.

माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच आहे.

कारण साधं आहे. मोटर विकत मिळते. कंट्रोलर विकत मिळतो, चार्जर, बीएमएस सगळं कुरियरने घरी येतं आणि बरोबर डेटाशीटही येते. तुम्ही फक्त वायरी जोडायच्या. पण तुमच्या गाडीच्या मापाची, तुमच्या सेलच्या संख्येची पेटी जगात कुठेच विकत मिळत नाही. म्हणजे हौशी माणूस ज्याला "मी बनवलं" असं छातीठोक म्हणू शकतो अशी वस्तू एकच, बॅटरीची पेटी. आणि नेमकं तेच काम सगळे जण "ते शेवटी बघू, एखादा पत्र्याचा डबा मारून देऊ" म्हणून ढकलतात. सॉफ्टवेअरमध्ये आपण टेस्टिंगचं जे करतो तेच.

आधी आमच्या गाडीबद्दल थोडक्यात. जुनी मारुती ८००. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, त्यामुळे आमच्या पिढीतला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी तिच्या मागच्या सीटवर चौथा म्हणून दाबून बसलेला आहे. आम्ही तिघं मित्र: एक मेकॅनिकलवाला, एक इलेक्ट्रिकलवाला आणि मी (डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, पोट कोडवर). गाडी सासवडजवळ एका मित्राच्या शेतावर असते आणि तिथल्या खाजगी रस्त्यावरच फिरणार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. गाडी इलेक्ट्रिक करून रस्त्यावर आणायची तर मान्यता मिळालेलं रेट्रोफिट किटच बसवावं लागतं, त्याचं मानक एआयएस-१२३. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे खाली कुणी आरटीओचा विषय काढायला नको. :)

बॅटरी म्हणजे २४ सेल. एलएफपी, अर्थात लिथियम आयर्न फॉस्फेट. प्रत्येक ३.२ व्होल्टचा, १०५ अँपिअर-अवरचा, वजनाला साधारण २ किलो. ओळीने जोडले की ७६.८ व्होल्ट होतात आणि घरच्या मीटरच्या भाषेत ८ युनिट वीज मावते. आकडे फार मोठे नाहीत, पण त्यात एक गोम आहे.

पेट्रोलच्या गाडीची चावी काढली की इंजिन बंद. टाकी काढून रिकामी करता येते, मग ती नुसता पत्रा. सेलला असं बंद करता येत नाही. तो तुमच्या हातात खोक्यातून आला तेव्हाही चालूच होता, तुम्ही झोपता तेव्हाही चालूच असतो. एका सेलचा अंतर्गत रोध मिलिओहमच्याही अंशात असतो. २४ सेल आणि मधल्या तांब्याच्या पट्ट्या मिळून १० मिलिओहम धरा. फुल चार्ज बॅटरीची दोन टोकं पान्याने जोडली गेली तर ८० भागिले ०.०१. उत्तर येतं ८००० अँपिअर. घरातला एसीचा एमसीबी ३२ अँपिअरला पडतो, त्यावरून अंदाज घ्या. पाना तिथेच चिकटून वितळतो. आणि हा डीसी करंट आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीची ठिणगी नुसती ताणत राहते. म्हणून लाईटच्या दुकानातला दीडशे रुपयांचा एसी फ्यूज इथे लावणं म्हणजे धरणाला मच्छरदाणी लावण्यासारखं आहे. तेवढ्या व्होल्टेजला, तेवढा डीसी करंट तोडू शकणाराच फ्यूज लागतो. तो महाग असतो, आणि तो पेटीच्या आत लागतो. कारण पेटीतून बाहेर पडलेल्या वायरीला फ्यूज बाहेर असेल तर मधल्या दोन फुटांचं रक्षण कोण करणार?

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसू दे, पण फ्यूज असावा.

आता कुणी म्हणेल, एलएफपी तर सुरक्षित असते ना? दुसऱ्या काही लिथियम सेलपेक्षा जास्त सुरक्षित, हो. ती सहजासहजी भडकत नाही. पण एलएफपी सेल बिघडून फुटला तर त्यातून जो वायू बाहेर पडतो त्यात हायड्रोजन असतो, इलेक्ट्रोलाइटची जळणारी वाफ असते. तो वायू गाडीच्या केबिनमध्ये जमा झाला तर सेल स्वतः पेटला की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून पेटीला केबिनच्या बाजूने घट्ट भिंत हवी आणि खाली जमिनीकडे उघडणारी वाट हवी.

हे मी कुठून शिकलो? विमानाकडून. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण माझं सगळं मत तिच्यावर उभं आहे.

जानेवारी २०१३ मध्ये बोइंगच्या ७८७ ड्रीमलायनरच्या बॅटऱ्यांनी दोनदा दगा दिला. एकदा बोस्टनच्या विमानतळावर, प्रवासी उतरून गेलेलं विमान उभं असताना. काही दिवसांतच जपानमध्ये, उडत्या विमानात. ते तातडीने उतरवावं लागलं. मग जगभरची ७८७ जमिनीवर आली, आपल्या एअर इंडियाचीसुद्धा. बॅटरी केवढी? आठ सेलची, ३२ व्होल्टच्या आसपासची. आमच्या मारुतीच्या निम्म्याहून कमी व्होल्टेज. तिच्यासाठी जगातले उत्तमोत्तम इंजिनिअर महिनोन्‌महिने बसले, आणि एप्रिल २०१३ मध्ये जेव्हा दुरुस्तीला मंजुरी मिळाली तेव्हाही पहिला सेल नेमका का बिघडला याचं पक्कं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

मग दुरुस्ती काय केली? सेलमध्ये आणि चार्जरमध्ये सुधारणा केल्याच. पण मुख्य म्हणजे बॅटरीभोवती स्टेनलेस स्टीलची भक्कम पेटी बांधली आणि पेटीतून थेट विमानाच्या बाहेर एक नळी काढली. आत काही झालं तर आतच राहील आणि धूर बाहेर जाईल.

मला हे वाचून पहिल्यांदा हसू आलं होतं. एवढी मोठी कंपनी, आणि उत्तर काय तर लोखंडी पेटी? पण विचार केल्यावर पटलं की प्रामाणिक उत्तर हेच आहे. आपण कोड लिहितो तेव्हा कुठली एक्सेप्शन येणार हे माहीत असतं तिथे ती पकडतो. आणि जे माहीत नाही त्यासाठी सगळ्यात बाहेर एक कॅच ठेवतो. पेटी म्हणजे तो बाहेरचा कॅच. बोइंगला कारण सापडत नव्हतं, आणि मी तर सेल ऑनलाइन मागवलेला माणूस. माझ्या सेलचा इतिहास मला काय माहीत? तो कारखान्यातून निघाल्यापासून किती वेळा पडला, कुठल्या गोदामात किती तापला, विकणाऱ्याने सांगितलेला ग्रेड खरा की नुसताच क्यूआर कोड नवा... जितकं सेलबद्दल कमी माहीत, तितकी पेटी जाड.

मोटार कंपन्याही याच रस्त्याने शिकल्या. मे २०११ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट बाजूने खांबावर आदळण्याची सरकारी चाचणी झाली. चाचणीत गाडी चांगली ठरली. आणि तीन आठवड्यांनी आवारात नुसती उभी असताना पेटली. धडकेत बॅटरीच्या भागात मार लागला होता, थंडाव्याचं पाणी गळलं होतं. २०१२ च्या सुरुवातीला कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत करायचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये टेस्ला मॉडेल एस रस्त्यावर पडलेल्या धातूच्या तुकड्यावरून गेली, तर तो तुकडा बॅटरीखालच्या ६ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून आरपार गेला. (आम्ही २ मिलिमीटरवर घासाघीस करत होतो!) पुढे मार्च २०१४ मध्ये कंपनीने तिथे टायटॅनियमचं कवच बसवायला सुरुवात केली.

या तिन्ही ठिकाणी मोठा इलाज बॅटरीच्या रसायनात नव्हता. तो पत्र्यात होता, पेटीत होता.

बरं, पेटी मजबूत म्हणजे किती? इथे अंदाजपंचे न जाता मानकं उघडावीत. मोटारींच्या बॅटरीसाठी आपल्याकडे एआयएस-०३८ आहे. ती मानकं ज्या एआरएआयमधून निघतात ती आपल्या पुण्यातलीच, वेताळ टेकडीवर फिरायला जाताना बाजूला दिसते तीच. त्यातली धक्क्याची चाचणी सांगते की गाडीच्या लांबीच्या दिशेने किमान २० जी सोसले पाहिजेत, आडव्या दिशेने ८ जी. आता आमची बेरीज: सेल ४८ किलो, पट्ट्या आणि पेटी धरून ६५ किलो. गुणिले २०. म्हणजे १३०० किलो. मारुती ८०० चं स्वतःचं वजन साडेसहाशेच्या आसपास. थोडक्यात, समोरून धडक बसली तर ती पेटी क्षणभर दोन मारुतींच्या वजनाने तुमच्या पाठीकडे यायला निघते.

माझा पहिला विचार बोल्टचा होता. मेकॅनिकलवाला हसला. म्हणाला, "बोल्टचं काय घेऊन बसलायस, एम-१० चा एक चांगला बोल्टसुद्धा एवढं सोसेल. बोल्ट तुटत नाही रे, पत्रा फाटतो." आणि तेच खरं आहे. ८०० चा तळाचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नाही. नुसतं भोक पाडून वॉशर टाकून बोल्ट आवळला तर तो बोल्ट वॉशरसकट पत्र्यातून बाहेर येईल, अगदी शाबूत. म्हणून पेटीच्या खाली गाडीच्या दोन आडव्या मेंबरना धरून अँगलची चौकट, खालून तळहाताएवढ्या जाड प्लेटा, मग बोल्ट. पेटी पत्र्याला टांगायची नाही, सांगाड्याला बांधायची. मला विचाराल तर अख्ख्या गाडीत सर्वात महत्त्वाचं असं हे काम, आणि ते कुठल्याही फोटोत दिसत नाही.

पेटीचं कटिंग-बेंडिंग भोसरीला एका छोट्या शेडमध्ये केलं. तिथले भाऊ आधी वैतागलेच. "साहेब, ट्रकच्या बॅटरीला आम्ही अँगलची फ्रेम करतो आन् वरून रबरी पट्टा. तुम्हाला एवढं तामझाम कशाला?" त्यांना ८००० अँपिअरचं गणित सांगितलं, तर ड्रॉइंग उलटं-सुलटं करून बघितलं आणि आम्ही तिघांनी मिळून न पाहिलेली गोष्ट त्यांनी दाखवली: केबल बाहेर येते त्या भोकाला नुसती कड ठेवली तर हादऱ्याने सहा महिन्यांत केबलची साल निघेल, तिथे ग्लँड टाका आणि आत हात जाईल एवढी जागा सोडा, नाहीतर चेक कोण करणार? ही पन्नाशीची माणसं कुठल्या डिझाइन रिव्ह्यूला बोलवायला हवीत असं मला तेव्हापासून वाटतं. आमच्या ऑफिसच्या रिव्ह्यूत तरी असं बोलणारं कुणी नाही.

आतल्या रचनेचं फार लांबवत नाही. चौकोनी सेलचं अॅल्युमिनियमचं कवच वीजवाहक असतं, त्यामुळे दोन सेलमध्ये नुसती निळी प्लास्टिकची साल पुरत नाही. मध्ये इपॉक्सीची पातळ शीट आणि पेटीच्या चारी भिंतींना हायलम. सेल चार्ज होताना किंचित फुगतात, म्हणून दोन्ही टोकांना जाड प्लेटा आणि आरपार रॉड, घट्ट पण चेपेल इतके नाही. पावसाळ्यासाठी झाकणाला रबरी गॅसकेट. पण पेटी हवाबंद केली तर दिवसा तापून रात्री गार होताना कुठून तरी दमट हवा ओढून घेते आणि आत दव धरतं, म्हणून एक छोटा ब्रेदर, जो हवा जाऊ देतो, पाणी नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली युक्ती: २४ सेलच्या बरोबर मध्ये हाताने उपटता येणारा प्लग. ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की मानकं त्याला धोक्याचं व्होल्टेज मानतात. प्लग उपटला की बॅटरीचे बारा-बाराचे दोन तुकडे होतात, फुल चार्ज असले तरी प्रत्येकी ४४ व्होल्टच्या आत. दोन शेपचा एक वाघ करण्याऐवजी वाघाच्या दोन शेळ्या. काम करायचं ते शेळ्यांवर.

आता मूळ भांडणाकडे येतो. ते आहे "जुगाड" या शब्दाशी.

मला जुगाड आवडतो. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने (हो, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव) भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप सगळ्यांनी पाहिली असेल. मीही पाचपन्नास जणांना फॉरवर्ड केली. त्या जीपमध्ये काही बिघडलं तर ती बंद पडणार होती. जुगाडाची खरी गंमत हीच की तो फसला तर थांबतो. बॅटरीची पेटी फसली तर थांबत नाही, तिथून सुरू होते. म्हणून एकाच कौतुकाच्या मापाने दोन्ही मोजणं मला चुकीचं वाटतं. "दहावी पास तरुणाने घरी बनवली इलेक्ट्रिक कार, एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर" अशा बातमीत सीटखाली सेलोटेपने गुंडाळलेले सेल दिसतात आणि खाली शेकडो लोक टाळ्या वाजवतात. त्या पोराच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. माझा राग टाळ्या वाजवणाऱ्यांवर आहे. त्यातला एकही जण त्या सीटवर स्वतः बसणार नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात धानोरीला रस्त्याच्या कडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यात आणखीही घटना झाल्या. त्यानंतर सरकारने नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. ते नियम वाचून बघा. सेलमधलं अंतर, वायू बाहेर पडायला वाट, पाण्यापासून बचाव, एक सेल बिघडला तर शेजारी पसरतं का आणि बसलेल्याला आधी इशारा मिळतो का... बरीचशी कलमं पेटीचीच! रेंजबद्दल त्यांना काही पडलेलं नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "मग घरी करूच नका ना. ज्याचं काम त्याने करावं." हे मला अजिबात मान्य नाही. दिवसभर स्क्रीनवर ज्या वस्तूंना वजन नाही, वास नाही, त्या हलवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर एकदा तरी असं काही करावं, ज्यात चूक झाली की अनडू नाही. घरी करा. फक्त पेटीपासून सुरुवात करा. सेल मागवायच्या आधी पेटीचं ड्रॉइंग करा, आणि सेलला जेवढे पैसे घालाल त्याचा तिसरा हिस्सा पेटीला बाजूला काढा. आम्ही तसा काढला. रेंज त्यामुळे कमी झाली, कारण बजेटमधून सेल कमी झाले. आणि पूर्ण झाल्यावर झाकण उघडून चार जाणकारांना दाखवा. ज्याला आपल्या पेटीचं झाकण दुसऱ्यासमोर उघडायला संकोच वाटतो, त्याने त्या गाडीत दुसऱ्याला बसवू नये, एवढं माझं म्हणणं आहे.

या म्हणण्याची किंमत आमच्या तिघांत मोजावी लागली आहे, तेही सांगतो. इलेक्ट्रिकलवाल्याचं म्हणणं होतं की पेटी डिकीत ठेवावी, म्हणजे मागची सीट राहील. त्याने आपल्या पाच वर्षांच्या पुतणीला मागे बसवून शेताला चक्कर मारायचं कबूल केलं होतं, आणि दसऱ्याला गाडी काढायची असं घरी सांगूनही टाकलं होतं. पण ८०० च्या मागच्या बंपरपासून सीटपर्यंत आहे काय? हात-दीड हात. मागून कुणी ठोकलं, अगदी शेतावरचा ट्रॅक्टर चुकून मागे आला तरी, सगळ्यात आधी चेपणार ती डिकी. पेटीची जागा दोन्ही अॅक्सलच्या मध्ये, म्हणजे मागच्या सीटच्या जागी. गाडी दोन सीटची होणार. दोन विरुद्ध एक मतं पडली. तो दोन शनिवार आलाच नाही.

तिसऱ्या शनिवारी आला, बरोबर टॉर्क रेंच घेऊन. विषय कुणी काढला नाही. पुतणीला पुढच्या सीटवरही बसवायचं नाही हे त्याने स्वतःच ठरवलंय, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत.

सध्या पेटी गाडीत बसली आहे, पण सेल अजून खोक्यातच आहेत. त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळू भरलेले डबे ठेवलेत आणि गाडी ट्रॅक्टरने ओढून शेताच्या खडबडीत रस्त्यावर फिरवतोय. पन्नास किलोमीटर ठरवलेत, अठ्ठावीस झाले. दर पाच किलोमीटरला बोल्टवर मारलेली पांढऱ्या रंगाची खूण सरकली का ते बघायचं. पहिल्या दहात दोन सरकल्या होत्या, तिथे आता लॉक नट आहेत. उरलेले बावीस झाले की झाकण लावून अर्धा तास पाइपने पाणी मारायचं आणि आत टिश्यू पेपर ठेवून बघायचं. दसरा त्याच्या आधी येतोय. तेव्हा झेंडूची माळ वाळू भरलेल्या पेटीलाच घालणार आहोत.